कुरकुरीत पिशवी, मऊ पिशवी आणि त्यामागचा एकच वायू

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेनं प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली. देशभरात ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. तरीही मंडईत कोथिंबिरीच्या जुडीबरोबर अधूनमधून एखादी पातळ पिशवी हातात येतेच. ती चुरगाळली की कुरकुर वाजते, धुरकट दिसते, ताणली तर फारशी लांबत नाही आणि फाटली की सरळ रेषेत फाटते. तिच्या शेजारी रिकामी दुधाची पिशवी ठेवा. ती मऊ असते, वाजत नाही, ताणली की लांबत जाते.

दोन्ही पिशव्या जवळपास एकाच वायूपासून बनतात. व्यापारी पहिलीला ‘एचएम’ म्हणतात आणि दुसरीला ‘एलडी’, म्हणजे ‘लो डेन्सिटी’, कमी घनतेची. दुधाच्या पिशवीत एलडीबरोबर तिची चुलत बहीण ‘एलएलडी’ मिसळलेली असते. वायू एकच असताना स्वभाव इतका वेगळा कसा? याचं उत्तर रंगात नाही, मिसळलेल्या पावडरीत नाही आणि जाडीतही नाही. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाताना जे घडतं, त्यात ते आहे. पिशवी का कुजत नाही आणि वितळवून पुन्हा वायू का करता येत नाही, हेसुद्धा तिथेच ठरतं.

फुगडी सुटते तेव्हा

वायूचं नाव इथिलीन. रायगड जिल्ह्यात नागोठण्याला जो मोठा पेट्रोकेमिकल कारखाना आहे, तिथे नैसर्गिक वायूतले इथेन आणि प्रोपेन वाफेबरोबर ८०० अंशांच्या वर, सेकंदाच्या काही भागापुरते तापवून फोडतात आणि त्यातून इथिलीन काढतात. हा रंगहीन वायू उणे १०४ अंशांना द्रव होतो. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन अणू आणि हायड्रोजनचे चार, बस्स.

कार्बनच्या प्रत्येक अणूला चार हात आहेत असं समजा. इथिलीनमध्ये प्रत्येक कार्बनचे दोन हात दोन हायड्रोजन धरण्यात गुंतलेले असतात. उरलेले दोन हात समोरच्या कार्बनच्या दोन हातांत. म्हणजे फुगडीच. दोघी समोरासमोर, दोन्ही हात एकमेकींच्या हातात. शाळेच्या पुस्तकात याला दुहेरी बंध म्हणतात.

या फुगडीतली मेख अशी, की दोन्ही पकडी सारख्या घट्ट नसतात. पहिली भक्कम, दुसरी त्या मानानं सैल. आता कुठूनतरी एक जण आला, त्याचा एक हात मोकळा आहे आणि तो स्वस्थ बसणाऱ्यातला नाही. त्यानं फुगडीतल्या एकीचा हात ओढला. सैल पकड सुटली. ओढलेलीचा हात त्याच्या हातात गेला, दोघींची भक्कम पकड तशीच राहिली, पण दुसरीचा एक हात रिकामा पडला. तो रिकामा हात लगेच शेजारच्या फुगडीतला एक हात ओढतो. तिथेही तेच घडतं आणि पुन्हा एक हात रिकामा. अशी एकामागून एक फुगडी सुटत जाते आणि हातात हात घातलेली लांबच लांब रांग तयार होते.

या रांगेला बहुवारिक म्हणतात आणि सुट्या कडीला एकवारिक. इथिलीनच्या रांगेचं नाव पॉलिथिन. एकही अणू बाहेर न टाकता कड्या जोडत जाण्याच्या या पद्धतीचं नाव समावेशन बहुवारिकीकरण. नाव जड आहे, इथून पुढे ‘साखळी जोडणं’ म्हणू. ‘बाहेर काही टाकत नाही’ हे मात्र लक्षात ठेवा. नायलॉन किंवा पाण्याच्या बाटलीचं पेट ज्या पद्धतीनं बनतं, तिच्यात प्रत्येक सांध्याला पाण्यासारखा छोटा रेणू निसटतो. ते घराणं वेगळं.

पहिला हात कुणाचा?

फुगडी आपोआप सुटत नाही. सुरुवात करून देणारा लागतो, त्याला आरंभक म्हणतात. एलडीच्या कारखान्यात हे काम बहुतेक वेळा सेंद्रिय पेरॉक्साइडं करतात. त्यांच्या मधोमध ऑक्सिजनचे दोन अणू एकमेकांना अगदी कच्चे धरून असतात. ऊब लागली की ती जोडी मधून तुटते आणि एकेक मोकळ्या हाताचे दोन तुकडे होतात. अशा मोकळ्या हाताच्या तुकड्याला मुक्त मूलक म्हणतात. हा पदार्थ टनभर प्लॅस्टिकमागे किलोभर किंवा त्याहूनही कमी पुरतो, कारण एक तुकडा हजारो कड्यांची साखळी सुरू करून देतो.

एक साखळी पूर्ण व्हायला किती वेळ लागतो? डोळ्याचं पातं लवण्याइतका. तेवढ्यात हजारभर किंवा त्याहून जास्त कड्या जोडल्या जातात. मग दोन साखळ्यांचे मोकळे हात एकमेकांना भेटतात आणि दोन्ही संपतात. किंवा एक साखळी दुसरीचा हायड्रोजन हिसकावते, तेव्हाही दोन्ही तिथेच थांबतात. तिसरा शेवट कारखानदाराच्या हातातला असतो. तो वायूत थोडा प्रोपेन किंवा तसाच एखादा पदार्थ मुद्दाम सोडतो. साखळीचा मोकळा हात त्याच्याकडून हायड्रोजन घेऊन शांत होतो आणि आता हात मोकळा पडलेला प्रोपेन नवी साखळी सुरू करतो. असा पदार्थ जितका जास्त, तितक्या साखळ्या आखूड.

कडीची लांबी पाव नॅनोमीटर धरा. ४,००० कड्यांची साखळी ताणून सरळ केली तर एक मायक्रॉन भरते. पाच ग्रॅमच्या एका पिशवीतल्या सगळ्या कड्या एकापुढे एक ठेवल्या, तर ते अंतर २,७०० कोटी किलोमीटर होतं. पृथ्वी ते सूर्य या अंतराच्या जवळपास १८० पट. एवढी लांबी घडी घालून, गुंता करून त्या कुरकुरीत पिशवीत बसलेली असते.

मग आंब्याच्या अढीत पॉलिथिन का तयार होत नाही?

शंका रास्त आहे, कारण पिकणारा आंबाही इथिलीनच सोडतो. अढीत तो पेंढ्यात कोंडला जातो म्हणूनच बाकीचे आंबे पिकतात. पिकवण्याच्या शीतगृहात हाच वायू दहा लाख भागांत १०० भाग या हिशेबानं सोडतात. तरी पेंढ्याला कधी पिशवी चिकटलेली दिसली नाही.

त्याची कारणं तीन. एक, तिथे सुरुवात करून देणारा कुणी नसतो. दोन, कुणी असताच, तरी हवेत ऑक्सिजन २१ टक्के आहे, म्हणजे त्या इथिलीनच्या दोन हजार पट. मोकळा हात इथिलीनपर्यंत पोचण्याआधी ऑक्सिजनच त्याला धरून गप्प बसवतो. तीन, गर्दी नाही. साध्या हवेच्या दाबाला एक घनमीटर इथिलीनचं वजन सव्वा किलोच्या आसपास भरतं. पुढची फुगडी इतकी दूर असेल तर रांग लांबणार कशी?

एलडीच्या कारखान्यात ही गर्दी दाबानं घडवून आणतात, १,५०० ते ३,००० बार इतक्या दाबानं. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात आणि जगातल्या सर्वांत खोल समुद्राच्या तळाशी ११०० च्या आसपास. इतक्या दाबाखाली इथिलीन पाण्याच्या जवळपास निम्म्या घनतेला येतं. वायू कसला, तो द्रवासारखाच वागतो.

हे कुणी ठरवून शोधलं नव्हतं. इंग्लंडमध्ये चेशायर परगण्यातल्या विनिंग्टन इथे आयसीआय कंपनीचे एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन यांनी मार्च १९३३ मध्ये इथिलीन आणि बेंझाल्डिहाइड मोठ्या दाबाखाली १७० अंशांवर कोंडून ठेवलं होतं. दोन्हींचा संयोग काही झाला नाही, पण नळीच्या भिंतीला पांढरा मेणासारखा थर दिसला. प्रयोग पुन्हा करायला गेले तर कधी काहीच व्हायचं नाही, कधी स्फोट व्हायचा. शेवटी काम थांबवलं. डिसेंबर १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा केला तेव्हा उपकरण गळत होतं, म्हणून दाब टिकवायला वरून आणखी इथिलीन भरलं आणि आठेक ग्रॅम पांढरी पूड मिळाली. खुलासा नंतर झाला. भरलेल्या वायूत ऑक्सिजनचा अंश होता. तो अगदी थोडा, म्हणजे दहा लाखांत काही भाग असला तर त्या तापमानाला पेरॉक्साइड बनवून आरंभक होतो. जास्त झाला तर स्फोट, अजिबात नसला तर काहीच नाही. अढीत साखळी मारणारा तोच वायू नळीत साखळी सुरू करतो. फरक फक्त मात्रेचा आणि उष्णतेचा.

उष्णता: खरं काम तिला बाहेर काढण्याचं

प्रत्येक कडी जोडताना सैल पकड सुटते आणि तिच्या जागी भक्कम पकड येते. हा फरक उष्णता होऊन बाहेर पडतो. एक किलो पॉलिथिन तयार होताना सुमारे ३,३०० किलोज्यूल उष्णता सुटते. साध्या तापमानाचं दहा लिटर पाणी उकळायला एवढी पुरते. हीच गोष्ट तासाला काही टन या वेगानं चालली आहे असं डोळ्यापुढे आणा.

म्हणून एलडीची भट्टी हंड्यासारखी नसून बरेचदा एक लांब नळी असते. जाड भिंतीची, आतून काही सेंटिमीटर रुंद आणि किलोमीटर-दोन किलोमीटर लांब, इमारतीच्या उंचीइतकी नागमोडी रचलेली. बाहेरून तिच्यावर पाण्याचं वेष्टण असतं. एक टक्का इथिलीनची साखळी झाली की आतलं तापमान १२-१३ अंशांनी चढतं. पेरॉक्साइड एकदम न घालता नळीच्या वाटेवर चार-पाच ठिकाणी थोडं थोडं टोचतात, म्हणजे मधल्या भागात ऊब निघून जायला सवड मिळते. एका फेरीत जेमतेम पाव ते तिसऱ्या हिश्शाइतक्या वायूचं प्लॅस्टिक होतं. उरलेला गाळून, थंड करून परत कॉम्प्रेसरकडे जातो. बाहेर निघणारी वितळलेली लगदी चाळणीसारख्या तबकडीतून पाण्याखाली दाबून कापतात. तेच ते दाणे.

हिशेब चुकला तर काय होतं? तापमान ३०० अंशांच्या वर सरकलं की इथिलीन साखळी व्हायचं सोडून मोडायला लागतं. त्याचा कार्बन, मिथेन आणि हायड्रोजन होतो. ही मोडतोडही उष्णता सोडते, त्यामुळे ती स्वतःलाच पेटवत जाते. दाब झपाट्यानं चढतो आणि शेवटी सुरक्षा चकती फुटून काळ्या काजळीचा लोट आकाशात जातो. चकती त्यासाठीच बसवलेली असते. मात्र त्यानंतर नळी साफ होईपर्यंत काळे ठिपके असलेले दाणे निघत राहतात आणि ते पारदर्शक फिल्मच्या कामाचे नसतात.

साखळी नको असताना सुरू झाली तर काय होतं, ते विशाखापट्टणमनं पाहिलं. ७ मे २०२० च्या पहाटे आर. आर. व्यंकटपुरम इथल्या कारखान्यातल्या टाकीतून स्टायरीनची वाफ वस्तीत शिरली आणि १२ जणांचा जीव गेला. स्टायरीन हे थर्मोकोलचं एकवारिक. ते द्रव असतं आणि आरंभक न घालताही हळूहळू स्वतःच साखळ्या जोडत बसतं. म्हणून साठवताना ते थंड ठेवतात आणि टीबीसी नावाचा पदार्थ दहा लाखांत १०-१५ भाग मिसळतात, जो मोकळे हात पकडून शांत करतो. या टीबीसीला काम करायला द्रवात विरघळलेला ऑक्सिजन लागतो. तो संपला, टीबीसी झिजलं, टाकीचा वरचा थर तापला, की साखळ्या जोडल्या जातात, त्यातून उष्णता निघते आणि उष्णतेनं साखळ्या आणखी वेगानं जोडल्या जातात. टाकी आठवडेच्या आठवडे नुसती उभी होती, म्हणून सुरक्षित होती असं नव्हे. या रसायनाला विश्रांती ठाऊक नाही.

मोळी तुराट्यांची आणि मोळी बाभळीची

आता आपल्या दोन पिशव्यांकडे येऊ.

एलडीच्या नळीत साखळीचा मोकळा हात फार उतावीळ असतो. पुढची फुगडी धरण्याऐवजी तो कधी कधी मागे वळतो आणि स्वतःच्याच साखळीतल्या चार-पाच कार्बन मागच्या अणूचा हायड्रोजन हिसकावतो. त्यामुळे टोक शांत होतं आणि मधल्या कार्बनचा हात मोकळा पडतो. साखळी आता तिथून वाढू लागते आणि मागे राहिलेला चार कार्बनांचा तुकडा फांदीसारखा लोंबत राहतो. एलडीत हजार कार्बनांमागे अशा वीसेक फांद्या सापडतात. कधी मोकळा हात दुसऱ्याच साखळीवर झडप घालतो, तेव्हा लांब फांदी फुटते.

फांद्यांनी काय बिघडतं? तुरीच्या तुराट्यांची मोळी बांधा. सरळ काटक्या एकीला एक लागून बसतात, मोळी घट्ट आणि जड होते. तेवढीच मोळी बाभळीच्या फांद्यांची बांधून पाहा. निम्मी हवाच. एलडीची घनता ०.९२ च्या आसपास असते, ती त्यामुळेच. साखळ्या नीट रचल्या जात नाहीत, म्हणून पिशवी मऊ, लवचीक आणि ११० अंशांच्या आसपासच वितळणारी.

सरळ तुराट्या हव्या असतील तर उतावीळ मोकळा हातच नको. ही वाट कार्ल झिग्लर यांनी १९५३ मध्ये जर्मनीत मुलहाइमच्या संस्थेत काढली, आणि तीही एका अपघातातून. त्यांच्या एका भांड्यात निकेलचा अंश राहून गेला होता आणि त्यानं साखळी दोनच कड्यांवर संपवली. निकेल थांबवतं, तर बाकीचे धातू काय करतात, असं एकेक करून तपासता तपासता टायटॅनियमच्या क्लोराइडाला अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगाची जोड दिली, आणि हवेच्या साध्या दाबाला इथिलीनची लांब, सरळ साखळी तयार झाली.

हा उत्प्रेरक करतो काय? नळीतली साखळी वेलीसारखी टोकाला वाढते, शेंडा मोकळा असतो म्हणून तो भलतीकडे वळतो. झिग्लरची साखळी केसासारखी मुळाशी वाढते. मूळ टायटॅनियमच्या अणूत रोवलेलं, नवी कडी प्रत्येक वेळी टायटॅनियम आणि साखळी यांच्या मधे शिरते आणि आधीची साखळी पुढे ढकलली जाते. मोकळं टोक नाही, म्हणून फांद्याही जवळजवळ नाहीत. घनता ०.९५ च्या आसपास, वितळायला १३० अंशांच्या वर. ही एचडी, म्हणजे ‘हाय डेन्सिटी’, जास्त घनतेची. तिच्याच फार लांब साखळ्यांच्या प्रकाराला व्यापारी एचएम म्हणतात. कुरकुरीत पिशवी १५-२० मायक्रॉनची असूनही किलोभर कांदे उचलते ते या लांब, दाट रचलेल्या साखळ्यांच्या जोरावर. तो कुरकुर आवाजही दाट रचनेचाच, कारण फिल्म ताठ असल्यामुळे चुरगाळताना वाकत नाही, कडकन दुमडते.

आणि एलएलडी? सरळ साखळी करतानाच इथिलीनमध्ये थोडं ब्युटीन किंवा हेक्झिन मिसळायचं, म्हणजे आखूड फांद्या हव्या तेवढ्याच येतात. दुधाची पिशवी रस्त्यावर पडून फुटत नाही ते हिच्यामुळे.

या पद्धतीतही दुखणी आहेत, फक्त वेगळी. दाब २०-२५ बार, तापमान १०० अंशांच्या आत-बाहेर, उत्प्रेरकाची पूड वायूच्या झोतात लाहीसारखी उडत असते आणि एकेक कण प्लॅस्टिकचा दाणा होऊन वाढतो. इथे पाणी, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड किंवा ॲसिटिलीन दहा लाखांत चार-दोन भाग जरी घुसलं तरी टायटॅनियम मरतं आणि साखळी बंद पडते. उष्णता कुठे साचली तर दाणे एकमेकांना चिकटून ढेकळं बनतात आणि खालचं तोंड बंद. मग भट्टी उघडून माणसांनी ती फोडून काढायची.

साखळी किती लांब, हे दुकानदाराला कसं कळतं?

दाण्यांच्या गोणीवर ‘एमएफआय’ (मेल्ट फ्लो इंडेक्स, वितळलेला माल किती वाहतो त्याचं माप) असा आकडा असतो. तो काढायची रीत सोपी आहे. तीन-चार ग्रॅम दाणे १९० अंशांच्या उभ्या नळीत टाकायचे, वर २.१६ किलोचा दट्ट्या ठेवायचा, खालच्या सुमारे दोन मिलिमीटरच्या भोकातून दहा मिनिटांत किती ग्रॅम माल गळतो ते मोजायचं. लांब साखळ्या शेवयांसारख्या गुंतलेल्या, म्हणून कमी गळतात. आखूड साखळ्या सरसर वाहतात.

बादली किंवा डबा साच्यात भरायचा तर माल पातळ वाहायला हवा, म्हणून आकडा १० ते २० च्या घरात. पिशवीची फिल्म मात्र वितळलेल्या नळीचा फुगा फुगवून काढतात. तिथे चुकून बादलीचा दाणा घातला तर वितळलेल्या मालात जीवच नसतो, फुगा उभा राहण्याआधी बसतो. एचएमचा दाणा २.१६ किलोच्या वजनाखाली जेमतेम हलतो, त्यासाठी ५ किंवा २१.६ किलोचं वजन लावतात. म्हणून आकडे ताडून पाहताना आधी वजन तेच आहे का, ते बघावं. नाहीतर तुलना फुकट.

बाकीचं घराणं

इथिलीनच्या एका हायड्रोजनच्या जागी दुसरं काही बसवलं की नवं प्लॅस्टिक. क्लोरीन बसवला की पीव्हीसी, बेंझिनचं कडं बसवलं की पॉलिस्टायरीन, चारही जागी फ्लोरिन बसवला की तव्यावरचं टेफ्लॉन. एका जागी मिथाइल गट आला तर पॉलिप्रोपिलीन, म्हणजे बागेतली खुर्ची आणि सिमेंटची विणलेली गोणी. यात एक गंमत आहे. मिथाइल गट सगळे एकाच बाजूला बसले तर कडक प्लॅस्टिक मिळतं, वाटेल तसे विखुरले तर चिकट गोळा. एकाच बाजूला बसवण्याची किमया इटलीच्या जुलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये झिग्लरच्याच उत्प्रेरकानं साधली. १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं.

तो वायू पिशवीत उरत नाही का?

साखळीत गेलेला इथिलीनचा रेणू आता इथिलीन राहिलेला नसतो. त्याची सैल पकडच गेली, मग त्याच्यात खोडी काढायला उरलं काय? रसायन म्हणून पॉलिथिन हे फार लांब मेणच आहे. जोडला न गेलेला थोडा वायू ताज्या दाण्यात अडकून असतो, म्हणून दाणे साठवणीच्या उंच टाकीत गरम हवा सोडून धुतात. तो धोका विषाचा कमी आणि आगीचा जास्त, कारण हवेत पावणेतीन टक्के इथिलीन झालं की ठिणगी पुरते.

पीव्हीसीची गोष्ट निराळी. तिचं एकवारिक व्हिनाइल क्लोराइड कर्करोगकारक आहे. अमेरिकेत लुइव्हिलच्या कारखान्यातल्या कामगारांना यकृताचा दुर्मीळ कर्करोग झाल्याचं १९७४ मध्ये उघड झालं आणि नंतर तयार पीव्हीसीतून वाफेनं हा वायू उपसून काढणं सक्तीचं होत गेलं. सगळी प्लॅस्टिकं सारखीच घातक किंवा सारखीच निर्धोक, ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

कुजत नाही, ते ठीक. उलटं फिरवता येत नाही का?

जीवाणू जेवायला बसतात तेव्हा त्यांना रेणूला दात लावायची जागा लागते. कापसाच्या साखळीत दर कडीला ऑक्सिजनचा सांधा असतो, तिथे त्यांची पाचकं कात्री चालवतात. पॉलिथिनमध्ये कार्बनला कार्बन, त्याला पुन्हा कार्बन. कात्री लावायला सांधाच नाही. सूर्यप्रकाश आणि ऑक्सिजन मिळून साखळी तोडतात खरी, पण त्यातून खत होत नाही, तुकडे होतात. गच्चीवरची खुर्ची चार उन्हाळ्यांनंतर हाताला पांढरी भुकटी लावते, ती हीच तुटलेली साखळी. ठिबकच्या नळ्या काळ्या असतात त्याचं कारणही हेच. त्यांत दोन-अडीच टक्के काजळी असते, ऊन ती पिते आणि साखळी वाचते.

उलटं फिरवणं तत्त्वतः शक्य आहे. तापमान वाढवत गेलं की एका टप्प्यावर कड्या जोडल्या जाण्याइतक्याच सुटूही लागतात. माशांच्या टाकीचं ॲक्रिलिक ४०० अंशांच्या पुढे तापवलं तर साखळी टोकाकडून एकेक कडी सोडते आणि नव्वद टक्क्यांहून जास्त एकवारिक परत मिळतं. पॉलिथिन मात्र असं शहाण्यासारखं उसवत नाही. ते मधेच कुठेही तुटतं आणि हाती येतं मेण, तेल आणि वायूची खिचडी. म्हणून भंगारातल्या पिशवीचा पुनर्वापर म्हणजे धुणं, वितळवणं, पुन्हा दाणा पाडणं. प्रत्येक वितळणीत काही साखळ्या तुटतात, काही एकमेकींत अडकतात आणि फिल्ममध्ये डोळ्यासारख्या गाठी दिसू लागतात. असा माल शेवटी काळ्या पिशवीत नाहीतर काळ्या पाइपात जातो. काळा रंग बरंच झाकतो.

मग १२० मायक्रॉनच का? ते रसायनशास्त्र नव्हे, वजनकाटा आहे. ३० बाय ४० सेंटिमीटरची पिशवी २० मायक्रॉनची असेल तर साडेचार ग्रॅम भरते, १२० ची असेल तर २७ ग्रॅम. कचरा वेचणाऱ्या बाईला किलोभर माल गोळा करायला पहिल्या प्रकारच्या २२० पिशव्या वेचाव्या लागतात, दुसऱ्या प्रकारच्या ३७. पातळ पिशवी गटारात राहते ती तिला भाव नाही म्हणून. मात्र दुसरी बाजूही आहे. जाड पिशवी एकदाच वापरून फेकली तर प्लॅस्टिक सहापट खर्च होतं.

उसापासून केलं तर?

हल्ली हा प्रश्न कोल्हापूर-सांगलीकडे हमखास येतो. इथेनॉलमधून पाण्याचा रेणू काढून टाकला की इथिलीन मिळतं. ब्राझीलमध्ये ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिन बनवते. हिशेबही सोपा आहे. एक किलो इथिलीनला किमान २.१ लिटर इथेनॉल लागतं. एक टन उसाच्या रसातून साधारण ७० लिटर इथेनॉल धरलं, तर टनभर उसाला फार तर ३३ किलो प्लॅस्टिक.

खनिज तेल वाचतं, हा फायदा खरा आहे. पण अशी पिशवी कुजेल का? नाही. फुगडी तीच, सैल पकड तीच आणि सुटल्यावर होणारी साखळीही तीच. एमएफआय तोच येईल, चुरगाळली तर आवाजही तोच. पिशवी उसाची की खनिज वायूची हे ठरवायला प्रयोगशाळेत कार्बन-१४ मोजावा लागतो. उसात तो थोडा असतो, कारण ऊस कालपरवाच्या हवेवर वाढलेला असतो. समुद्राखालून उपसलेल्या वायूतला कधीच संपून गेलेला असतो.